स्ट्रीट ट्रिपल 765 आर: मुलुंड ते लोअर परळ, दोन पावसाळ्यांनंतरचा देखभालीचा हिशोब

ट्रायम्फची ही मोटरसायकल कशी पळते यावर बरंच लिहून झालंय. 120 पीएस, तीन सिलिंडर, 2019 पासून मोटो2 शर्यतींना इंजिन पुरवणारं तेच 765 घराणं, हे सगळं घेणाऱ्याला आधीच पाठ असतं. गाडी घेतल्यावर काय काय सांभाळावं लागतं हे मात्र शोरूममध्ये कोणी नीट सांगत नाही. माझी गाडी आता 20,000 किलोमीटरच्या पुढे गेली आहे. मोठी सर्व्हिस झाली आहे आणि तिसरा पावसाळा तोंडावर आला आहे. तेव्हा हा अनुभव फक्त देखभालीचा.

कंपनीचं वेळापत्रक कागदावर अगदी सुटसुटीत आहे. पहिली सर्व्हिस 1000 किमीला. नंतर दर 10,000 किमी किंवा 12 महिने, यातलं जे आधी येईल ते. 20,000 ला मोठी सर्व्हिस, म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्सची (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या बारीक फटीची) तपासणी, स्पार्क प्लग, एअर फिल्टर. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी आणि कूलंट तीन वर्षांनी. एवढं पाळलं तर वॉरंटीच्या दृष्टीने तुम्ही सज्जन ग्राहक. पण गाडी रोज मुंबईत चालत असेल तर यातल्या किलोमीटरच्या आकड्यावर विसंबून राहू नका, असं माझं ठाम मत झालं आहे.

का ते सांगतो. या गाडीच्या ट्रिप कॉम्प्युटरवर सरासरी वेग दिसतो. आठवडाभराच्या ऑफिसच्या येण्याजाण्यात माझा आकडा वीसच्या आसपास असतो. विक्रोळी, सायन, मग परळचे सिग्नल, यात दुसरं काय होणार? ताशी 20 ने 10,000 किमी कापायचे तर इंजिन 500 तास चालतं. तेच अंतर नाशिक हायवेवर ताशी 60 च्या सरासरीने कापलं तर 170 तासांच्या आत. ओडोमीटरला दोन्ही सारखेच, ऑइलला मात्र नाही. त्यात मुंबईचे हे तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले, अर्धा क्लच दाबलेले, रेडिएटरचा फॅन घोंघावत असलेले. जिथे गाडी मोकळी धावली असती तिथे आपल्या दुचाकींना प्रवेशच नाही: सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, पुणे एक्स्प्रेसवे तर कायमचाच बंद. टोलनाक्याच्या अलीकडून बघायचं आणि यू-टर्न घ्यायचा.

म्हणून मी दोन सर्व्हिसच्या मध्ये, पाच हजारांच्या आसपास, एक जादाचा ऑइल चेंज करतो. या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये असतात. गिअरचे दात ऑइलचा दाटपणा हळूहळू मोडत जातात आणि ट्रॅफिकची उष्णता त्याला हातभार लावते. जुनं होत आलेलं ऑइल लॅबमध्ये न नेताही कळतं: गरम इंजिनावर गिअर खटकन पडायला लागतात, आणि सिग्नलला उभं असताना न्यूट्रल सापडता सापडत नाही. ऑइल फुल सिंथेटिक 10डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-50, आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचं जपानी मानक) छापलेलं हवंच. कारचं महागडं ऑइल स्वस्तात मिळतंय म्हणून ओतू नका; त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला घसरवतात. वॉरंटी असेपर्यंत हा मधला ऑइल चेंजही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घेतला. बिल हातात राहतं. आता ऑपेरा हाऊसच्या बाजारातून ऑइल आणतो आणि ओळखीच्या मेकॅनिकच्या हातून बदलून घेतो. तीन लिटरच्या वर ऑइल लागतं, एका डब्यात भागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता चेन. या गाडीच्या देखभालीतला निम्मा वेळ चेनच खाते, आणि खाऊ द्यावा. कंपनीच्या पुस्तकात दर 300 किमीला वंगण आणि 800 किमीला ताण तपासायला सांगितलं आहे. कोरड्या दिवसांत हे जमतं. पावसाळ्यात 300 चा आकडा विसरायचा: गाडी भिजली की त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चेनला हात लागलाच पाहिजे. जूनमध्ये मेट्रोच्या खोदकामातून येणारा तो राखाडी राडा नुसता चिखल नसतो, त्यात सिमेंट आणि बारीक रेती असते. एका आठवड्यात तो चेनच्या रोलरमध्ये बसून स्प्रॉकेट कातायला लागतो. ही 525 ची एक्स-रिंग चेन आहे, म्हणजे पिन आणि बुशच्या आतलं ग्रीस कारखान्यात भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. त्या रिंगा वाचवणं हेच आपलं खरं काम. पेट्रोलने चेन धुतली की त्या रिंगा कडक होतात, तारेच्या ब्रशने घासली की फाटतात. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, फडक्याने कोरडी, मग चेन ल्यूब, तेही आतल्या बाजूने आणि रात्री, म्हणजे सकाळपर्यंत ते बसतं आणि मागच्या रिमवर उडत नाही. मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्याच. या गाडीला मेन स्टँड नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी इंचाइंचाने पुढे ढकलत चेन साफ करणं दोन वेळा जमतं, तिसऱ्यांदा माणूस टाळतो. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत फडकं लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. बोटं जातात. चाक हाताने फिरवा.

चेन संपली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. 525 चा पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) 15.875 मिमी, म्हणजे नव्या चेनच्या 20 कड्या ताणून मोजल्या तर 317.5 मिमी भरतात. ही लांबी एक टक्क्याच्या जवळ वाढत आली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे. चेनच्या वेगवेगळ्या भागांत मोजा, कारण ती सगळीकडे सारखी ताणली जात नाही. माझी अजून मापात आहे, आणि याचं श्रेय वंगणापेक्षा मी वॉशिंग सेंटर सोडल्याला देतो. नाक्यावरच्या सेंटरमधला पोरगा प्रेशर गन थेट चेनवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि रेडिएटरच्या जाळीवर धरत होता. त्या दाबाने पाणी रिंगांच्या आत शिरतं आणि रेडिएटरचे नाजूक फिन वाकतात. आता बादली, शाम्पू आणि रविवारची सकाळ. वॉचमन दर वेळी विचारतो, “किती देते?” ट्रॅफिकमध्ये सतरा-अठरा देते. ते ऐकून तो माझ्याकडे ज्या सहानुभूतीने बघतो त्याची आता सवय झाली आहे.

रेडिएटरवरून आठवलं. पुढच्या मडगार्डला एक्स्टेंडर लावून घ्या, स्वस्त वस्तू आहे. नाहीतर पुढच्या चाकाचा सगळा चिखल जाळीत जातो, वाळतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात गाडी सिग्नलला तापत राहते. एअर फिल्टर पुस्तकाप्रमाणे 20,000 ला आहे. मी 10,000 च्या सर्व्हिसलाच उघडून बघायला सांगितलं आणि तिथेच बदलून घेतला. भांडुप-कांजूरच्या बांधकामांची धूळ रोज खाणाऱ्या गाडीला वेगळं काय अपेक्षित असणार.

ब्रेकच्या बाबतीत मुंबईची दमट हवा थेट पुस्तकात घुसते. डॉट 4 फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा मानकाप्रमाणे किमान 155. शहरात हा फरक कळतच नाही. कसारा घाट उतरताना, दोन-तीन वेळा जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हर स्पंजासारखा आत जायला लागला की कळतो, आणि ती कळायची जागा नव्हे. दोन वर्षांची मुदत मी दुसरा पावसाळा संपल्या संपल्या संपलेली धरली आणि पुढचं-मागचं दोन्ही बदलून घेतलं. त्याच वेळी कॅलिपर उतरवून पिस्टन साफ करायला सांगा. कामाच्या यादीत ते लिहून द्यावं लागतं. तोंडी सांगितलं तर पॅड तपासून “ओके” चा शेरा मिळतो. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे गंज चढतो तो बोल्टच्या डोक्यांवर आणि साइड स्टँडच्या स्प्रिंगवर. जूनच्या आधी तिथे गंजरोधक स्प्रे मारतो, ब्रेक डिस्क आणि टायर फडक्याने झाकून.

टायरमधली हवा पुढे 34, मागे 42 पीएसआय, टायर थंड असताना. पंपावरच्या मशीनवर विश्वास नको, स्वतःचा गेज ठेवा. बॅटरीचं दुखणं वेगळंच आहे: पावसाळ्यात गाडी आठवडा-आठवडा उभी राहते, घड्याळ आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) करंट पीत राहतात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जरला प्लग नसतो. बॅटरी काढून घरात चार्ज करणं हाच मार्ग. विश्रांतीत 12.4 व्होल्टच्या खाली गेली की मी काढतो. आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा; पेट्रोलमधलं इथेनॉल रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतलं पाणी ओढतं.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ती 20,000 ची व्हॉल्व्ह तपासणी. “इंजिनाचा आवाज येत नाही, मग उघडायचं कशाला?” असं मला तीन वेगवेगळ्या अनुभवी लोकांनी सांगितलं. जुन्या 100-150 सीसीच्या गाड्यांवर वाढलेल्या आपल्या कानांना टॅपेट वाजले की टॅपेट सैल, एवढंच ठाऊक. या इंजिनात गोष्ट उलटी होते. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या सीटवर आपटत हळूहळू वर सरकतो, त्यामुळे कॅम (व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा) आणि बकेट (व्हॉल्व्हवरची टोपी) यांच्यामधली फट वाढत नाही, कमी होते. फट कमी झालेलं इंजिन उलट शांत वाजतं. फट पूर्ण संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बरीचशी त्या सीटवाटेच बाहेर पडत असल्यामुळे व्हॉल्व्हची कडा जळते. म्हणजे कान देऊन वाट बघायची नाही, फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायचं.

मोजायचं म्हणजे टाकी काढा, एअरबॉक्स काढा, वरचं कव्हर उघडा, मग बाराही व्हॉल्व्हची फट एकेक करून लिहून घ्या. एखादी मापाबाहेर असेल तर कॅमशाफ्ट उतरवून बकेटखालची शिम, म्हणजे छोटी चकती, बदलायची; या चकत्यांच्या जाडीत मिलिमीटरच्या शतांशाने फरक असतो. यात अख्खा दिवस जातो, शिम शहरात नसेल तर आणखी. त्यामुळे हे काम ऑइल चेंजसारखं “संध्याकाळी देतो” च्या बोलीवर कोणाला देऊ नका. मी दोन गोष्टी आधीच ठरवून घेतल्या: इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच माप घ्यायचं, आणि बारा आकडे कागदावर लिहून द्यायचे. दुसऱ्या मागणीवर कपाळाला थोड्या आठ्या पडल्या, पण आकडे मिळाले. माझ्या गाडीच्या सगळ्या फटी मापात निघाल्या, एक्झॉस्टच्या दोन मात्र खालच्या मर्यादेकडे झुकलेल्या. शिम बदलाव्या लागल्या नाहीत, तरी मजुरीचा पैसा वाया गेला असं मी मानत नाही. पुढच्या तपासणीला याच कागदाशी ताडून किती सरकलं ते कळेल.

खर्चाचं थेट सांगायचं तर वर्षाची सर्व्हिस पाच आकडी, मोठी सर्व्हिस त्याच्या कितीतरी वर, आणि चांगल्या टायरची जोडी हा वेगळाच धक्का. महिन्याच्या हप्त्याबरोबर थोडी रक्कम बाजूला टाकत गेलात तर झेपतं. हप्त्यातच ओढाताण होणार असेल तर ही गाडी नको.

आणि सेकंडहँड बघत असाल तर एक पाहून ठेवा. जाहिरातींत या वर्गातल्या बऱ्याच गाड्या 17-19 हजार किलोमीटरच्या दिसतात, “सिंगल ओनर, शोरूम कंडिशन”. मोठ्या सर्व्हिसच्या जरा अलीकडे विकायला निघालेली ती गाडी वाईट असेलच असं नाही, पण ते बिल तुमच्या खिशातून जाणार आहे. किमतीतून ते आधीच वजा करून घ्या. आणि 20,000 च्या पुढची गाडी असेल तर सर्व्हिस बुकातला शिक्का पुरेसा धरू नका, बिलात व्हॉल्व्ह तपासणीची मजुरी वेगळी लावली आहे का ते वाचा.