स्लॉटेड अलोहा की सीआरडीएसए?

भूस्थिर उपग्रहाच्या सामायिक अपलिंकवर (जमिनीवरून उपग्रहाकडे जाणाऱ्या वाहिनीवर) शेकडो टर्मिनल जोडायची आहेत आणि एक मैत्रीण या दोन तंत्रांमध्ये अडकली आहे. दोन्हींत वेळेचे ठरावीक तुकडे, म्हणजे स्लॉट, पाडलेले असतात आणि टर्मिनल परवानगी न मागता त्यात पॅकेट पाठवतं; सीआरडीएसए (Contention Resolution Diversity Slotted ALOHA) ही अलोहाचीच सुधारित आवृत्ती.

आधी क्षमता. स्लॉटेड अलोहात दोन पॅकेट एकाच स्लॉटमध्ये आदळली की सहसा दोन्ही वाया जातात; वाहिनीचा कमाल उपयोग ३६.८ टक्के. पण हा आकडा फसवा आहे. पॅकेटनाश १ टक्क्यावर ठेवायचा तर भारही (दर स्लॉटमागे पाठवली जाणारी पॅकेट) जेमतेम १ टक्काच ठेवावा लागतो! सीआरडीएसए प्रत्येक पॅकेटच्या दोन प्रती एकाच फ्रेमच्या (स्लॉटच्या गटाच्या) वेगवेगळ्या स्लॉटमध्ये पाठवतं. एक प्रत सुखरूप पोहोचली की रिसीव्हर तिच्या जुळ्या प्रतीचा सिग्नल वजा करतो आणि तिथे अडकलेलं दुसरं पॅकेट मोकळं होतं. कमाल उपयोग साधारण ५५ टक्के.

विलंबात फरक मोठा. पॅकेट मिळाल्याची पोच यायलाच सुमारे अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे टळलेलं प्रत्येक पुनःप्रेषण मोलाचं.

खर्च मात्र उलटा: दुप्पट प्रेषण म्हणजे दुप्पट ऊर्जा, शिवाय ग्राउंड स्टेशनवर भारी प्रक्रिया.

बॅटरीवरचे, क्वचित बोलणारे सेन्सर असतील तर स्लॉटेड अलोहा पुरेल. गर्दी असेल, पुनःप्रेषण परवडत नसेल, तर सीआरडीएसएच घ्यावं.