स्क्रीन, टीमक्स की मॉश? लोकलमधून सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी

डोंबिवलीहून दादरला जाताना चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी सर्व्हरवर मायग्रेशन, म्हणजे डेटा नव्या रचनेत हलवण्याचं काम, सुरू केलं होतं. मुलुंड गेल्यावर हॉटस्पॉट गेला आणि त्याच्याबरोबर मायग्रेशनही गेलं. एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करायचं कनेक्शन, तुटलं की सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला हँगअपचा सिग्नल जातो आणि तो मरतो. नोहप (हा सिग्नल दुर्लक्षायला लावणारी कमांड) लावून काम मागे सोडता येतं, पण मध्येच 'पुढे जाऊ का?' विचारणाऱ्या कामाला ते चालत नाही. मग उरतात हे तिघे: स्क्रीन, टीमक्स आणि मॉश. पहिली दोन लाइन तुटली तरी काम सर्व्हरवर चालू ठेवतात आणि नंतर त्याला परत जोडून घेता येतं.

स्क्रीन 1987 पासून आहे आणि जुन्या सर्व्हरवर बहुधा आधीच बसवलेलं सापडतं. रेड हॅटने मात्र आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून ते काढून टाकलं. त्याची मुख्य कळ, म्हणजे प्रत्येक आज्ञेआधी दाबायची ती, कंट्रोल-ए. बॅशमध्ये, म्हणजे आपण कमांड टाइप करतो तिथे, ओळीच्या सुरुवातीला जायला बोटं तीच दाबतात, त्यामुळे पहिला आठवडा चिडचिडीत जातो. माझी खरी फजिती पुढेच झाली. पडदा दुभंगायला कंट्रोल-ए आणि मोठा एस लागतो. मी छोटा दाबला. पडदा गोठला. मी दहा मिनिटं मोबाइल कंपनीला शिव्या देत बसलो, शेजारच्या काकांनाही नेटवर्क आहे का विचारून झालं. छोट्या एसने आउटपुट थांबतं आणि कंट्रोल-ए, क्यू दाबलं की परत सुरू होतं, हे घाटकोपर आल्यावर कळलं. शिवाय लाइन अचानक तुटली असेल, तर परत जोडायला नुसतं 'स्क्रीन डॅश आर' पुष्कळदा 'आधीच जोडलेलं आहे' म्हणून अडतं. 'डॅश डी डॅश आर' असं दोन्ही द्यावं लागतं.

टीमक्स 2007 चं. मुख्य कळ कंट्रोल-बी, म्हणजे बॅशशी ते भांडण नाही. पडदा उभा-आडवा कापणं सोपं, खाली पट्टीवर कुठे काय चाललंय ते दिसतं आणि जुनं कनेक्शन लटकलेलं असलं तरी 'टीमक्स अटॅच' केलं की निमूट जोडलं जातं. वैताग एकच, वर स्क्रोल करायला कंट्रोल-बी आणि चौकटी कंस आठवावा लागतो. नव्याने शिकणार असाल तर डोळे मिटून हेच घ्या. राउटर किंवा बोर्ड सिरियल केबलने जोडत असाल तर स्क्रीनही ठेवा. ते सरळ सिरियल पोर्ट उघडतं, टीमक्सला ते येत नाही.

मॉशची जात वेगळी. 2012 मध्ये आलेलं हे साधन लाइनच तुटू देत नाही: हॉटस्पॉटवरून ऑफिसच्या वायफायवर गेलात, आयपी पत्ता बदलला, तरी पडदा तसाच. टाइप केलेलं अक्षरही सर्व्हरची वाट न पाहता उमटतं, हे सुख लोकलमध्येच कळतं. पण सर्व्हरवर मॉश बसवावं लागतं, 60000 ते 61000 मधले यूडीपी पोर्ट (सर्व्हरची नेटवर्कची दारं) उघडे लागतात, आणि ऑफिसची सिक्युरिटी टीम त्याला सहजी हो म्हणत नाही. लॅपटॉपची बॅटरी संपली तर दुसऱ्या मशीनवरून ते सेशन परत धरताही येत नाही. म्हणून मॉश मिळालं तरी आत टीमक्स हवंच.

मी लॉगिन केल्याबरोबर 'टीमक्स न्यू डॅश मोठा ए, डॅश एस, काम' मारतो: 'काम' नावाचं सेशन असेल तर जोडतं, नसेल तर नवं उघडतं. सर्व्हर रीबूट झाला तर मात्र सगळंच जातं. आमच्याकडे तो मेगाब्लॉकसारखा रविवारीच होतो, त्यामुळे लांबलचक काम मी शनिवारी रात्री लावत नाही.