पाटी, ठिपक्यांची वही की टॅब? लहान पोराच्या हातात आधी काय द्यायचं

जूनच्या तोंडावर बालवाडीत नाव घालायला आलेले आईबाबा हमखास विचारतात, मॅडम घरी काय घेऊ, पाटी घेऊ की ती ठिपके जोडायची वही, का टॅबवर ॲप टाकून देऊ. माझं मत आधीच सांगते. पोर चार वर्षाच्या आतलं असेल तर पाटी, आणि पाटीच्याही आधी शाडू नाहीतर वाळू. ठिपक्यांची वही नंतर, तीही थोडी. टॅब अक्षर ऐकायला-ओळखायला चालेल, गिरवायला नको.

आधी हात कुठवर आलाय ते बघा, कारण सगळं त्याच्यावरच आहे. जन्मताना मनगटातली छोटी हाडं अजून हाडं झालेलीच नसतात, मऊ कूर्चा असते, ती वर्षानुवर्षं भरत जातात आणि हे काम दहा-बारा वर्षांपर्यंत चालू असतं. साधारण दोन वर्षाचं पोर बघून उभी रेघ ओढतं, तीनच्या आसपास गोल काढतं, चारला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचच्या पुढं. थोडं मागंपुढं होतं, घाबरायचं नाही. पण म्हणूनच इंग्लिश मीडियमला घातलेल्या पोराला पहिल्याच दिवशी ए गिरवायला बसवू नका, त्यात दोन तिरक्या रेघा आहेत, त्यापेक्षा एल, टी, एच आधी घ्या. आणि मराठीत अ पासून सुरुवात करायचा हट्ट नको, ग म भ न हा जुना क्रम हातासाठी चांगला आहे, आकार एकातून एक निघतात. व जमला की त्याच्या पोटात तिरकी रेघ मारली की ब, बाहेर शेपूट काढलं की क, पोराला एका बैठकीत तीन अक्षरं आल्यासारखं वाटतं आणि चेहरा असा खुलतो की बघत राहावं.

आता पाटी आणि टॅब शेजारी ठेवून बघा. दगडी पाटीवर पेन्सिल चालवायला जोर लागतो, कमी दाबलं तर उमटत नाही, जास्त दाबलं तर मोडते, आणि किती दाबायचं हे बोटांना कुणी न सांगता कळत जातं. टॅबच्या काचेवर बोट नुसतं घसरतं, बहुतेक ॲपमध्ये हळू फिरवा नाहीतर दाबून फिरवा, रेघ तेवढीच जाड. वर एकटं एक बोट फिरतं, म्हणजे पुढं ज्या तीन बोटांत पेन्सिल धरायची आहे त्यातली दोन बसूनच. पुसायचं पण बघा. पाटीवर ओल्या फडक्यानं चुकलेला तेवढाच काना पुसून पुन्हा काढता येतो आणि पुसताना मनगट फिरतं ते वेगळंच. ते हिरव्या रेघांचं एलसीडी पॅड मिळतं ना सगळीकडं, स्वस्तातल्या पॅडवर बटण दाबलं की सगळंच जातं, बरोबर आलेलं पण. प्रवासात ठीक आहे, रोजच्याला मी घेणार नाही.

ठिपक्यांच्या वहीबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त तीच खपते. पान भरलेलं दिसतं, आईला बरं वाटतं, पण पोर तिथं अक्षर काढत नसतं, ठिपक्याचा पाठलाग करत असतं, उलट्या बाजूनं सुरुवात केली तरी पान सुंदरच दिसतं. 2012 साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या केरिन जेम्स यांचा एक अभ्यास आला, अजून वाचायला न येणाऱ्या पाचेक वर्षांच्या मुलांना काही अक्षरं स्वतःच्या हातानं काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला आणि काही कीबोर्डवर दाबायला. नंतर तीच अक्षरं बघताना मेंदूचं स्कॅनिंग केलं तर वाचनाचे भाग जास्त जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांना, गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्यांना तसं नाही. अभ्यास इंग्रजी अक्षरांवरचा होता पण वर्गात मला रोज हेच दिसतं, वेडंवाकडं का असेना स्वतः काढलेला म पोर विसरत नाही. म्हणून वही घ्यायचीच तर एका अक्षराच्या दोन ओळी गिरवून घ्या आणि लगेच शेजारी मोकळ्या जागेत न बघता काढायला सांगा.

ॲप घेताना एक गोष्ट आवर्जून तपासा. ते मराठीचं आहे की हिंदीचं? बरीच ॲप हिंदीची असतात, त्यात नेहमीच्या वर्णमालेत ळ नसतो. आता रंकाळा, पन्हाळा, गूळ, शाळा, केळं, आपल्या पोराला ळ शिवाय कसं चालेल! ल आणि श चा आकारही आपल्या शाळेतल्यापेक्षा वेगळा येतो, ज्ञ चा उच्चार ग्य ऐकवतात, मग पोर घरात एक आणि वर्गात एक शिकतं. वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसात एक तासाच्या वर नको, कमी असेल तेवढं चांगलं. त्या तासात कार्टून पण आलं आणि ॲप पण आलं, शिकायचं म्हणून वेगळा तास मिळत नाही.

पाटीला पण दोष आहेत. पडली की फुटते, आणि पेन्सिल खायची सवय काही पोरांना लागते, ती नुसती रागवून सुटत नाही, अंगात लोह कमी असलं तरी असं होतं, तर एकदा डॉक्टरांना दाखवा.

हात आणि नजर जुळायचं म्हणाल तर वरच्या तिन्हीपेक्षा घरातली कामं पुढं आहेत. आपल्या कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं शाडूचा गोळा आणा, लांब वळी वळायला लावा आणि त्याच वळ्या वाकवून पाटीवर ग बनवा, दोन्ही तळवे, बोटं, डोळे सगळं एकदम कामाला लागतं. भडंग खाताना त्यातले शेंगदाणे चिमटीनं वेचून वाटीत टाकायला सांगा, पेन्सिल धरायला लागतं ते हेच (चार वर्षाच्या आतल्यांना अख्खे दाणे तोंडात घालू देऊ नका, घशात अडकतात, शेजारी बसूनच करा). आपल्याकडं पेठापेठांत फुटबॉलचं वेड, त्यामुळं पायात बॉल लवकर येतो पण हातानं झेलायचं राहून जातं, तर मोठा मऊ बॉल घेऊन रोज थोडा वेळ समोरासमोर झेलाझेली करा.

डावखुरं पोर असेल तर मात्र माझा सल्ला थोडा बदलतो. डाव्या हातानं लिहिताना हात लिहिलेल्यावरूनच पुढं सरकतो, पाटीवरचं पुसलं जातं आणि पोर चिडतं, त्याला कागद आणि जाड क्रेयॉन द्या. कागद अंगासमोर थोडा डावीकडं ठेवायचा, वरचं टोक उजवीकडं झुकवून, आणि क्रेयॉन टोकापासून जरा वर धरायला शिकवायचा म्हणजे लिहिलेलं त्याला दिसतं. आजीआजोबा हात बदलायला सांगतील, बदलू नका.