ख्रिश्चन की रामी? आमच्या घरातलं जुनं भांडण
प्रोजेक्ट रनवे या अमेरिकन फॅशन डिझायनरांच्या टीव्ही स्पर्धेचा चौथा सीझन आम्ही दोघी बहिणींनी परत बघितला आणि परत तोच वाद, ख्रिश्चन सिरियानो भारी की रामी काशू. ताई रामीची, आणि खरं सांगते तिचं म्हणणं पटतं, कारण रामी कापड थेट डमीवर टाकून चुण्या पाडत पाडत ड्रेस उभा करतो, आपल्याकडं सोलापुरात आज्ज्या नऊवारी नेसतात ना, शिवण नाही काही नाही, नुसत्या निऱ्या आणि काष्ट्यावर सगळं बसतं, अगदी तसं. पण सारखं हे असं ड्रेपिंगच! जजेसनी पण टोकलंच की त्याला.

ख्रिश्चन तेव्हा फक्त 21 वर्षांचा. 2008 च्या फिनालेत बरंचसं काळं कलेक्शन, पिसं, झालरी, टाईट पँटी. झालरीला किती कापड आणि किती वेळ जातो ते इथल्या युनिफॉर्म शिवणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, आणि एवढं करून फिनिशिंग कुठं ढिलं नाही. माझं मत ख्रिश्चनलाच, तो जिंकला ते बरोबरच झालं. रामीचा एखादा गाऊन मात्र ताईच्या रिसेप्शनला मी आनंदानं घातला असता.