झोटेरो : संदर्भसूचीसाठी घेतलं, वाचनासाठी ठेवलं

प्रबंधाचं लेखन सुरू झालं तेव्हा झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं ते निव्वळ संदर्भसूचीच्या कटकटीतून सुटायला. आठ-नऊ महिने रोज वापरल्यावर सांगतो, ती कटकट बरीचशी जाते. पण आता हे सोडवत नाही त्याचं कारण वेगळंच आहे.

आधी ओळखीपुरतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात हे तयार झालं, तेही इतिहासाच्या संशोधकांच्या केंद्रात. मोफत आणि मुक्तस्रोत. ब्राउझरमध्ये एक बटण बसतं. पेपर उघडून ते दाबलं की लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष सगळं जमा होतं, पीडीएफ मिळण्यासारखी असेल तर तीही येते. वर्डमध्ये प्लगइन आहे, त्यातून लेखात संदर्भ आणि शेवटी सूची घालता येते. एका जर्नलने परत पाठवलेला पेपर दुसरीकडे धाडताना एपीएचं शिकागो (या संदर्भ लिहिण्याच्या दोन शैली) करायचं तर शैली निवडायची, बस्स. अशा १०,००० हून जास्त शैली तयार मिळतात.

पण ‘आपोआप’वर डोळे झाकून विसंबू नका. साइट जी माहिती पुरवते तीच झोटेरो उचलतं. एका बऱ्यापैकी मोठ्या डेटाबेसवरून मी घेतलेल्या नोंदींत शीर्षक अख्खं कॅपिटलमध्ये, आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात आणि वर्षाच्या जागी लेख साइटवर चढवल्याची तारीख असा मामला होता. म्हणजे टायपिंगचे कष्ट गेले, तपासणीचे आले. नोंद आली की तिथल्या तिथे बघून घ्यायची, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री तेच भोगावं लागतं. इंग्रजी शीर्षकं ‘सेंटेन्स केस’मध्येच, म्हणजे फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटलने सुरू होतील अशी ठेवा (शीर्षकावर राइट-क्लिक केलं की पर्याय दिसतो). त्यावरून ‘टायटल केस’ (बहुतेक शब्द कॅपिटलने सुरू) प्रोग्रामला करता येते, उलट दिशेने विशेषनामांचा घोळ होतो. अनेक भाषांतले संदर्भ असतील तर मात्र हात टेकावे लागतात. पूर्ण सूचीला एकच भाषा लागू होते, त्यामुळे इंग्रजी नसलेल्या लेखापुढेही ‘एट अल.’ (‘आणि इतर’) येऊन बसतं.

आता खरं कारण. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ आतच वाचता येते. वाचताना हायलाइट करायचं, बाजूला दोन ओळी खरडायच्या आणि शेवटी त्या सगळ्याची एक टीप बनवायची. टिपेतल्या प्रत्येक उताऱ्याला संदर्भ आणि पान क्रमांक चिकटलेला असतो, तिथून क्लिक केलं की मूळ पान उघडतं. मी रंग ठरवून टाकलेत. पिवळा युक्तिवादाला, लाल पटत नाही त्याला, हिरवा पद्धतीला. गाईडने “हे कुणी म्हटलंय?” विचारलं की पूर्वी अर्धा दिवस शोधाशोध चालायची. आता लाल रंगाच्या टिपा काढल्या की मॅडमच्या पुढ्यात पानासकट उत्तर. एक अडचण आहे. या खुणा पीडीएफमध्ये नाही, झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतात. फाइल नुसती कॉपी करून कुणाला दिलीत तर समोरच्याला कोरी दिसते, त्यासाठी ती एक्सपोर्टच करावी लागते.

दुसरी सोय सध्याच्या दिवसांत फार मोलाची. चॅटबॉट बिनधास्त खोटे संदर्भ रचून देतात, नावं-वर्षं अगदी खरी वाटतील असे. जादूच्या कांडीचं एक बटण आहे, त्यात डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) टाकायचा. कधी काहीच सापडत नाही, कधी भलत्याच विषयाचा पेपर येतो. तिथेच बिंग फुटतं. शिवाय २०१९ पासून हे रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीशी जोडलेलं आहे. तुमच्या संग्रहातला पेपर मागे घेतला गेला तर वर लाल पट्टी येते आणि तो उद्धृत करायला गेलात तर पुन्हा टोकतं. लसी आणि ऑटिझमबद्दलचा वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला, तोवर बारा वर्षं तो संदर्भयाद्यांतून फिरतच होता. अशी पट्टी दिसलेली बरी.

झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट साठवण ३०० एमबी, पीडीएफ जमवायच्या तर ती लवकरच भरते. नोंदी आणि टिपा त्यात मोजल्या जात नाहीत. पैसे भरायचे नसतील तर वैयक्तिक संग्रहाच्या फाइलींसाठी वेबडॅव्ह (दुसऱ्या सर्व्हरवर फाइली ठेवायची सोय) चालतं, ग्रुपच्या संग्रहासाठी नाही. आणि झोटेरोचा डेटा फोल्डर उचलून क्लाउड ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायचा मोह आवरा, त्यात डेटाबेस बिघडू शकतो. बॅकअप घ्यायचा तर झोटेरो बंद करून, अख्ख्या फोल्डरचा.