जुने सामान आणि ‘स्वच्छ’चे ‘व्ही-कलेक्ट’

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासाला गेला, तेव्हा चार पिढ्यांचे सामान तीन खोल्यांच्या सदनिकेत मावणे शक्य नव्हते. तांब्याचा बंब नातेवाइकांनी हौसेने नेला, रद्दी रद्दीवाल्याकडे गेली. अडचण होती ती भंगारात कवडीमोल ठरणाऱ्या, पण अजून वापरता येतील अशा वस्तूंची: आईच्या सुती साड्या, दोन कुकर, मिक्सर, खेळणी. पूर्वी साड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारावर येत असे. आमच्या गल्लीत ती आता फिरकत नाही. मागे एका संस्थेला आम्ही कपडे धुऊन, घड्या घालून दिले होते आणि पंधरा दिवसांनी तीच गाठोडी तिच्या व्हरांड्यात पावसाने भिजलेली पाहिली होती. त्यामुळे या वेळी नीट चौकशी करूनच ‘स्वच्छ’च्या ‘व्ही-कलेक्ट’ या जुने सामान गोळा करणाऱ्या सेवेला सामान दिले.

‘स्वच्छ’ ही पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था असून तिच्यामागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी आहे. हीच या सेवेची खरी ताकद, असे माझे मत आहे. कारण कोणती वस्तू पुन्हा संसाराला लागेल, कोणती सुट्या भागांसाठी जाईल आणि कोणती निव्वळ धातूच्या भावाने विकावी लागेल, हे या बायकांना वस्तू हातात घेताच कळते. माझा कुकर उचलून एका ताईंनी आधी झाकणाची रबरी रिंग ताणून पाहिली, मग विचारले, “काका, शिट्टी कुठंय? शिट्टीबिगर हा कुणी नेणार नाही, पत्र्यातच जाईल.” मला फार ओशाळल्यासारखे झाले. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगी या पुण्याजवळच्या गावांच्या माथी मारला गेला, याची चीड मला आहेच. पण धडधाकट कुकर केवळ शिट्टीअभावी मोडीत निघतो, हे कधी ध्यानात आले नव्हते.

म्हणून देणाऱ्यांना आग्रहाने सांगतो: मिक्सरची भांडी झाकणांसह बांधा, कपडे धुऊन वाळवा, फाटके वेगळे ठेवा, आणि गाद्या किंवा मोठे फर्निचर असेल तर ते नेतील का, हे आधीच विचारून घ्या.

शिट्टी दोन दिवसांनी चमच्यांच्या खणात सापडली. रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडे ती कागदात गुंडाळून दिली आणि कुकरवाल्या ताईंपर्यंत ती पोहोचल्याचे त्यांनी आठवणीने कळवले.