पाणी कमी होतं, तरी घाबरवलं नाही: फोंड्यातल्या प्रसूतिगृहाचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक पार्किंगने खाल्ला, फोंडेकरांना वेगळं सांगायला नको.

आठव्या महिन्यात दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीत गर्भजलाचा आकडा 4.8 आला. रिपोर्ट हातात देतानाच काउंटरवरची बाई म्हणाली, "पाणी संपलंय, सिझर करून घ्या." सासूबाईंनी तिथंच मंगेशीला नारळ बोलला.

इथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, कपडे ओले होतात का, अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या का. पिशवी फुटलेली नाही याची खात्री केली आणि मग स्वतः मशीनवर बसल्या. पोटाच्या चार भागांत पाणी किती खोल आहे त्याची बेरीज (तोच तो आकडा) 5 सेंटीमीटरच्या खाली गेली, तरी सगळ्यात खोल जागी पाणी 2 च्या वर असेल तर लगेच घाई करत नाहीत म्हणे. माझं 2.6 होतं, स्क्रीनवरचं ते काळं डबकं त्यांनी बोटाने दाखवलं. बाळाची वाढ नि नाळेतला रक्तप्रवाह ठीक होता. भरपूर पाणी प्या म्हणाल्या. पाणी वाढवायच्या पावडरीची पाकिटं मात्र दिली नाहीत: "फायदा नक्की नाही, उगाच खर्च कशाला?" शेजारणीने आडसरांचा (शहाळ्यांचा) ढीग टाकला, तोही संपवला. पुढच्या वेळी आकडा 7! बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढणं आठवड्यातून दोनदा चालूच.

सदतिसावा आठवडा भरला आणि पाणी पुन्हा उतरलं, खोल जागीही 2 च्या खाली. तेव्हा मात्र त्याच डॉक्टरबाईंनी एक दिवस दवडला नाही, भरती करून कळा आणल्या. पिशवी फोडल्यावर प्रत्येक कळेला बाळाचे ठोके धपकन खाली यायचे. पाणी नाही म्हणून नाळ दबत होती. कूस बदलून भागेना, तेव्हा गर्भाशयात बारीक नळी घालून कोमट सलाईन सोडलं. शिरेतून नव्हे, थेट बाळाभोवती. हळूहळू पट्टीवरचे खड्डे उथळ झाले. थिएटर तयार ठेवलं होतं, लागलं नाही. मुलगी झाली, नीट रडली.

पार्किंग सोडलं तर खरी तक्रार एकच. त्या नळीचे पैसे बिलात वेगळे लावले, आधी सांगायला हवं होतं. वॉर्डातला पंखाही कुरकुरतो, पण बाळंतिणीला तसंही कुठे झोपायला मिळतं!

शनिवारी ओपीडी तुडुंब असते, तेव्हा टाळा. ओळखपत्र विसरू नका, नाहीतर सोनोग्राफीच्या फॉर्मपाशीच अडवतात.